आधी दोघांत, मग चौघांत

मिनेसोटात येईपर्यंत ल्यूथरन हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकाबाहेर ऐकला नव्हता. आपल्याकडे ख्रिस्ती म्हणजे वसईचे कॅथलिक, नाहीतर नगरकडचे मिशनवाले, एवढीच आपली ओळख. इथे मात्र नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांची नातवंडं-पणतवंडं आणि जिकडेतिकडे ल्यूथरन चर्च. माणसं अतिशय सभ्य. इतकी सभ्य, की भांडण झालंय हे बाहेरच्याला कळतच नाही. भांडण असतं ते तळघरातली कॉफी संपल्यावर, पार्किंगमध्ये, गाडीचं दार अर्धं उघडं ठेवून.

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. तोंडावर अर्थातच पहिल्या नावाने, आणि त्याची सवय व्हायला मला चार वर्षं लागली. त्यांच्या चर्चमधला जुना पाइप ऑर्गन दुरुस्तीला आला. एक गट म्हणे दुरुस्त करा, दुसरा म्हणे तेच पैसे गिटार-ड्रमच्या नव्या उपासनेसाठी वापरा. इथपर्यंत आपल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीतल्या लिफ्टच्या वादासारखंच. पण जानेवारीच्या वार्षिक सभेत आजोबांचा चाळीस वर्षांचा मित्र उठून म्हणाला, "दुरुस्तीचं कोटेशन याच्या पुतण्याच्या ओळखीतून आलंय, तेव्हा काय ते समजा." संपलं. गायकवृंदात शेजारी उभे राहणारे दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले.

पास्टरबाईंनी बायबल काढलं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात यासाठी चक्क एक प्रोसीजर दिलेली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही तर मंडळीला सांग. तेही ऐकलं नाही तर त्याला परका, जकातदार समज. आम्हा इंजिनिअर लोकांना हे फार आवडतं. तक्रार वर न्यायची तर पायऱ्या ठरलेल्या, आणि पहिल्या पायरीवर गुप्तता. मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच आधी जायचं. आणि त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात उलट बाजूही आहे: तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी समेट करून ये. म्हणजे दोघांनीही सांगितलेलं पाळलं, तर वाटेतच गाठ पडायची!

ऑर्गनचा प्रश्न मात्र या प्रोसीजरने सुटणारा नव्हता, कारण त्यात अपराधी कोणीच नव्हतं. इथे बाई हुशार निघाल्या. 'प्रेषितांची कृत्ये' मधल्या सहाव्या अध्यायात तक्रार येते, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती काम. बाईंनी ऑर्गनच्या तपासणी समितीत गिटारवाल्यांना बहुमत दिलं. त्यांनी तीन कोटेशनं मागवली आणि अर्धीच दुरुस्ती करायचं ठरवलं. कोणी फारसं खूश नाही, पण पार्किंगमधल्या सभा थांबल्या.

अर्थात सगळंच असं मिटत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये मिनियापोलिसमध्येच ईएलसीए या मोठ्या ल्यूथरन संघटनेचं अधिवेशन झालं. लैंगिकतेविषयीचं निवेदन ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी, म्हणजे बरोबर दोन तृतीयांशांनी संमत झालं. (त्याच दिवशी वावटळीने समोरच्या सेंट्रल ल्यूथरन चर्चच्या मनोऱ्याची मोडतोड केली, त्याचे अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावले.) दोन दिवसांनी, समलिंगी जोडीदाराबरोबर राहणाऱ्यांनाही पास्टर होण्याचा मार्ग खुला झाला आणि पुढे शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. दोन्ही बाजूंच्या हातात बायबल तेच होतं. बाहेर पडायचं तर दोनदा दोन तृतीयांश मतं लागत, आणि मधे किमान ९० दिवस बिशपशी बोलणं. वाद मिटवू शकत नसलात तरी निदान रागाच्या भरात दार आपटू नका, एवढं तो नियम सांगतो.

आणखी एक. 'आधी एकट्याने जा' हे बरोबरीच्या माणसांसाठी ठीक. पास्टरनेच कुणा मुलाशी गैरवर्तन केलं असेल, तर त्या मुलाला किंवा आईला हाच अध्याय दाखवणं म्हणजे माझ्या मते पाप आहे. तिथे आधी पोलीस.

तर आजोबा. ते एकटे मित्राच्या घरी गेले. तासभर बसले. मित्राने माफी मागितली, दोघांनी कॉफी घेतली. पास्टरबाईंच्या लेखी प्रकरण पहिल्याच पायरीवर मिटलं. मला मात्र ते अर्धंच मिटलं असं वाटतं. आरोप शंभर माणसांसमोर आणि माफी स्वयंपाकघरात? खुद्द ल्यूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीच्या आज्ञेवर (यांच्या मोजणीत ती आठवी) लिहिताना हा फरक केलाय: गुप्त अपराध गुप्तपणे मिटवा, पण जो उघड झालाय त्याची दखलही उघडच घ्या. हे मी आजोबांना म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "तू ल्यूथर वाचलास, आमच्यातल्या निम्म्यांनी वाचला नसेल."

पुढची वार्षिक सभा जानेवारीत आहे. आजोबांनी विषयपत्रिकेत काही घातलेलं नाही. मित्र आपणहून उठेल, असं त्यांना वाटतं. गायकवृंदात सध्या दोघांच्या मधे एक तिसराच माणूस उभा राहतो.