फुकटची करमणूक आणि घरातील बायकामाणसे

कुटुंबास घेऊन चार घटका आनंदात घालवावयाच्या तर खिशात भरपूर पैसा हवा, अशी समजूत आमच्या करवीरातील व्यापारी व नोकरदार वर्गात अलीकडे फार दृढ झाली आहे. सिनेमाची पाच तिकिटे आणि त्यावरचे खाणे यांचा हिशेब मांडून गृहस्थ दचकतो, व मग ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणून सगळ्यांस घरीच बसवितो. ज्या शहरात करमणुकीचा एवढा मोठा साठा बिनमोल उघडा पडला आहे, तेथे ही तक्रार ऐकून आम्हांस नवल वाटते.

नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांचा किरणोत्सवच घ्या. अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरून देवीच्या पायांपासून मुखाकडे चढत जातात. हाच देखावा ३१ जानेवारी आणि १ व २ फेब्रुवारी या दिवशी पुन्हा घडतो. भाविक त्यास देवीची लीला म्हणतात. त्यांच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. परंतु मुलांस बरोबर नेणाऱ्या बापाने एवढे तरी सांगावे की, दक्षिणायन संपण्यापूर्वी सुमारे सहा आठवडे आणि संपल्यावर सुमारे सहा आठवडे सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, म्हणून हा योग वर्षातून दोनदा येतो. आणि सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसे किरण आडवे होऊन मूर्तीवर वर चढतात. ज्या कारागिरांनी हे साधले त्यांचे गणित मुलीस समजले, तर शाळेतील भूगोलाचा अर्धा धडा तिला तेथेच पाठ होईल. यास दमडी लागत नाही. महाद्वाराकडील बांधकामे या किरणांच्या आड येतात, ही ओरड मात्र वर्षानुवर्षे चालू आहे, आणि तिची लाज आम्हां सर्वांस वाटली पाहिजे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्यांच्या रांगा लागतात. चार पणत्या, वाती आणि थोडे तेल एवढाच काय तो खर्च. दसऱ्यास सोने लुटावयास दसरा चौकात सारे शहर लोटते. त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंगही उभे आहे. रंकाळ्याचा काठ तर रोजचाच.

कोणी म्हणेल, ‘फुकट ते हलके; आमच्यासारख्यांनी त्या गर्दीत कशाला जावे?’ हा प्रश्न शाहू छत्रपतींच्या गावात विचारला जावा हे दुर्दैव होय. महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे केले ते सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यासही हौद्यातील पकड दिसावी अशा उताराचे. त्यास लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, त्यासच पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा ज्यांनी कित्येक वर्षांत तेथे पाऊल टाकले नव्हते अशा प्रतिष्ठितांचेही डोळे ओले झाले. त्यांचे दुःख खरे असेल. पण सुखवस्तू मंडळी सार्वजनिक जागांकडे पाठ फिरवितात तेव्हा त्या जागांच्या डागडुजीविषयी मोठ्या आवाजात बोलणारे कोणी उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. या सर्व ठिकाणी पुरुष सहज जातो. बाई कधी जाते? पहाटेच्या दीपोत्सवास निघावयाचे तर तिला तासभर आधी उठून चहापाणी आटोपावे लागते, आणि दसऱ्यास सारे घर चौकात असता ती पुरणाच्या पातेल्यापाशी असते. खासबागेची कुस्ती ही आपली गोष्टच नव्हे असे तिला लहानपणापासून शिकविलेले असते. आणि इकडे याच जिल्ह्यातील मुली कुस्तीत पदके मिळवीत आहेत! करमणूक फुकट असली तरी तिच्या श्रमाने तिची किंमत चुकती होते, आणि ती किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

बरे, ती निघालीच, तरी पुढे काय? गर्दीच्या दिवशी स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप जवळ नसेल, तर तान्हे मूल घेऊन आलेली बाई किंवा वृद्ध सासू तासाभरातच घराची वाट धरते. घाटावर रोषणाईच्या माळा थोड्या कमी लागल्या तरी चालतील. महानगरपालिकेने व उत्सवाच्या मंडळांनी हा खर्च आधी करावा. पाणी, बसावयास बाके व शौचकूप यांची तजवीज झाल्यावाचून ध्वनिक्षेपक भाड्याने आणू नयेत.

दुकानदार बंधूंस आमचे मागणे लहानच आहे. नोव्हेंबरातील त्या तीन दिवसांपैकी एका सायंकाळी गल्ल्यावरून तासभर आधी उठावे, नोकरासही त्याच्या कुटुंबाकडे सोडावे, आणि त्या रात्री घरात चूल पेटवू नये. देवळातून निघून सर्वांनी रंकाळ्यावर जावे व भेळ खावी. घरधनिणीने काय खावयाचे ते मात्र तिला आधी विचारावे.