समुद्रापलीकडील आप्तभेट

परगांवच्या आप्तांना भेटावयास जाणें हा आपल्या गृहस्थजीवनाचा एक जुना व आवडता भाग आहे. माहेरवाशीण दिवाळीस येते, आत्या श्रावणांत चार दिवस राहून जाते, मुंजीच्या निमित्तानें वर्षानुवर्षें न भेटलेले चुलते एका पंक्तीस बसतात. या जाण्यायेण्यावरच आपलीं कुळें एकत्र राहिलीं. परंतु आतां पुण्या-मुंबईंतील, नागपूर-सांगलींतील कितीतरी सुशिक्षित घरांची एखादी शाखा अमेरिकेंत, इंग्लंडांत, जर्मनींत किंवा ऑस्ट्रेलियांत रुजलेली आहे. आत्याचें घर नदीपलीकडे होतें, तें महासागरापलीकडे गेलें. पूर्वीं गाडी जुंपली कीं जें कार्य होई, त्यासाठीं आतां पारपत्र, परवाना, विमा आणि विमान यांची जुळणी करावी लागते. म्हणून या दूरच्या आप्तभेटीसंबंधीं चार विचार या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समुद्रगमनाचा आणि आप्तसंबंधाचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. बौधायन धर्मसूत्रानें समुद्रप्रवासाची गणना पतनीय कर्मांत केली, व पुढील निबंधकारांनीं त्यास कलिवर्ज्यांत घातलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही विलायतेहून परतलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावीत. न घेतल्यास पंगत बंद आणि बेटीव्यवहारही बंद. म्हणजे समुद्र ओलांडण्याची खरी शिक्षा आप्तवियोग हीच होती. काळाचा महिमा असा कीं, आज समुद्र न ओलांडणारालाच ती शिक्षा भोगावी लागते.

त्या कडक काळांतही केवळ प्रेमाच्या ओढीनें समुद्र ओलांडणारीं माणसें आपल्यांत निघालीं होतीं, याची आठवण येथें करून देणें अवश्य आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला पोंचल्या. तेथें त्यांना उतरवून घेण्यास न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर आल्या होत्या. एका मासिकांत छापलेल्या पत्रव्यवहारावरून या बाईंना आनंदीबाईंची माहिती झाली होती. तोंपर्यंत दोघींची ओळख केवळ टपालाची. तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत, आणि त्या नात्यास दोघीही अखेरपर्यंत जागल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभास हजर राहण्यासाठीं त्यांच्या नात्यांतील पंडिता रमाबाई इंग्लंडांतील आपलें कार्य सोडून अटलांटिक महासागर ओलांडून गेल्या. आगबोटीचा तो हिवाळी प्रवास, पदरीं पैसा बेताचा, आणि निमित्त काय, तर आप्तेच्या जन्माचें सार्थक झालेलें डोळ्यांनीं पाहावें!

आतां पुढील गोष्ट लक्षांत घ्यावी. आनंदीबाई त्याच वर्षीं स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. रमाबाई अमेरिकेहून परत आल्या त्या १८८९ मध्यें. "इतक्या लांब कशास जावें, स्वदेशीं गेल्यावर भेटूंच," असें रमाबाईंनीं म्हटलें असतें तर ती भेट कायमची राहिली असती. आनंदीबाईंची रक्षा पुढें मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेवली गेली. मावशीनें भाचीस आपल्या कुळांत जागा दिली. रक्ताचें नातें आणि मानलेलें नातें या दोहोंचीही थोरवी या एका चरित्रांत दिसते.

त्यानंतर मार्ग सोपे होत गेले. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गें लंडनला निघालें; १९६० मध्यें न्यूयॉर्कचीही सोय झाली. १९६५ मध्यें अमेरिकेनें आपला वसाहतीचा कायदा बदलला आणि आपल्याकडील डॉक्टर, इंजिनिअर व अध्यापक यांना तें द्वार उघडलें. ज्या अंतरास आनंदीबाईंना जवळजवळ दोन महिने लागले, तें आज थेट विमान मिळाल्यास सुमारें सोळा तासांत तुटतें. सबब, अंतराची सबब आतां उरली नाहीं. उरला आहे तो प्रश्न निराळा: आपण जातों केव्हां, जातों कशासाठीं, आणि जाऊन राहतों कसे?

आमच्या परिचयाचें एक वृद्ध दांपत्य आहे. मुलगी अमेरिकेंत. पहिल्या खेपेस तीं दोघें गेलीं तीं बाळंतपणासाठीं, दुसऱ्या खेपेसही बाळंतपणासाठींच, आणि तिसऱ्या खेपेस जांवयांची बदली होऊन नवें घर लावावयाचें होतें म्हणून. तिन्ही वेळां मिळून दीड वर्ष तेथें काढलें. परत आल्यावर त्या बाई आम्हांस म्हणाल्या, "नातवंडें खेळविलीं, डिंकाचे लाडू केले, खोकीं उघडलीं, पण लेकीजवळ निवांत बसून बोललें असें एकदांही झालें नाहीं. ती माझ्याकडे पाही ती घड्याळाकडे पाहतां पाहतां." या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें आमच्या मनास अधिक लागलें. बाळंतपणास आईनें जावें हें युक्तच आहे. त्यावेळीं आईवांचून दुसरें कोण? परंतु आमचें असें आग्रहाचें सांगणें आहे कीं, एक खेप तरी अशी असावी कीं जिला कांहींच निमित्त नाहीं. कोणी आजारी नाहीं, कोणाचें बारसें नाहीं, कोणास मदत नको आहे. त्या खेपेस आईबाप हे आईबाप म्हणून जातील आणि मुलें त्यांना मुलें म्हणून भेटतील. ही खेप गुडघे चालतात तोंवर करावी. बहुतेक घरीं ती सत्तरीनंतर ठरते, आणि मग वैद्यांच्या सल्ल्यानें रद्द होते.

किती दिवस राहावें, याविषयीं एक गैरसमज रूढ आहे. अमेरिकेच्या परवान्यावर दहा वर्षांची मुदत असते, तिचा अर्थ दहा वर्षें केव्हांही जाण्याची मुभा, इतकाच. प्रत्यक्ष वास्तव्याची मुदत उतरल्या ठिकाणचा अधिकारी ठरवितो, व ती साधारणतः सहा महिन्यांची असते. कॅनडानें २०११ पासून तेथें कायमचें वास्तव्य मिळालेल्या मुलांच्या व नातवंडांच्या आईबापांकरितां व आजीआजोबांकरितां विशेष परवाना सुरू केला असून, २०२२ पासून त्यावर एका खेपेस पांच वर्षेंपर्यंत राहतां येतें. परंतु कायद्यानें राहतां येतें म्हणून तितके दिवस राहिलेंच पाहिजे असें नाहीं. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत या हिशेबानें सहा महिने काढणारीं मंडळी शेवटचे दोन महिने दिनदर्शिकेवर फुल्या मारीत काढतात, हें आम्हीं पाहिलें आहे. तीन महिने आनंदाचे व्हावेत हें सहा महिने कंटाळ्याचे होण्यापेक्षां केव्हांही बरें. थंडीची संवय नसलेल्यांनीं उत्तर अमेरिकेचा हिवाळा टाळून वैशाख ते भाद्रपद हा काळ धरावा.

यजमान मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या वडिलांनीं आयुष्यभर स्वतःच्या मतानें मंडई केली, त्यांना तेथें पावशेर भाजी आणावयाची तर मुलानें मोटार काढीपर्यंत थांबावें लागतें. हें पारतंत्र्य लहान दिसतें, पण दररोजचें असतें. घराची किल्ली त्यांच्या हातीं द्यावी. जवळची बाग, वाचनालय व देऊळ पायीं किंवा बसनें कसें गांठावें हें पहिल्या आठवड्यांतच दाखवावें. खर्चावयास थोडे पैसे न मागतां जवळ असूं द्यावे. दिवसभर कामावर असणाऱ्या मुलांनीं संध्याकाळचें एक जेवण तरी, हातांतील यंत्रें दूर ठेवून, त्यांच्याबरोबर करावें. उलटपक्षीं आईबापांनींही ध्यानांत धरावें कीं, तें घर आपल्या मुलाचें किंवा मुलीचें असलें तरी तेवढेंच तें सुनेचें किंवा जांवयाचें आहे. तिच्या फडताळांतील डब्यांची मांडणी बदलूं नये. "आमच्याकडे असें नसतें" हें वाक्य दिवसांतून एकदांही उच्चारूं नये. नातवंडें मराठीस इंग्रजींत उत्तर देतात म्हणून त्यांना बोलूं नये. रोज रात्रीं एक गोष्ट मराठींत सांगावी. मूल उत्तर कोणत्या भाषेंत देतें याची चिंता करूं नये. कानांवर पडलेलें पुढें जिभेवर येतें.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यांत सांगतों. वृद्धांनीं विम्याशिवाय पाऊल टाकूं नये. तेथील रुग्णालयाचें एका रात्रीचें देयक आपल्या वर्षभराच्या निवृत्तिवेतनास भारी पडूं शकतें. विमा घेतांना पूर्वींपासूनचे रक्तदाब, मधुमेह इत्यादि विकार त्यांत धरले आहेत कीं नाहींत, हें कागद वाचून पाहावें. पुष्कळदां ते वगळलेले असतात. संपूर्ण मुक्कामाचीं औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतील पिशवींत ठेवावीं. विमानांत दर दोन तासांनीं उठून चार पावलें चालावें व पाणी प्यावें. काळाच्या फरकामुळें झोंप मोडते. शरीर दिवसास सुमारें एक तास या मानानें सांवरतें, म्हणून पहिला आठवडा कोणताही बेत ठेवूं नये. मेतकूट, गोडा मसाला, लाडू खुशाल न्यावेत, पण विचारल्यावर लपवूं नयेत. ऑस्ट्रेलियांत अशा लपवालपवीस जागेवरच दंड होतो. कढीलिंब मात्र अमेरिकेंत नेऊं नये. तें झाड लिंबू-संत्र्याच्या कुळांतील असल्यामुळें त्याच्या पानांबरोबर त्या बागांचा रोग पसरविणारी कीड जाण्याची भीति असते. आपल्या आमटीच्या फोडणीसाठीं दुसऱ्याच्या बागा बुडाव्यात हें आपल्या संस्कृतींत बसत नाहीं.

आतां राहिला तो विषय आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो: जुने स्नेही. परदेशीं जाणारे आईबाप मुलांच्या घरीं उतरतात, मुलांच्या मित्रांना भेटतात, मुलांनीं आंखलेलीं स्थळें पाहतात. परंतु ज्यांच्याबरोबर आपण एका खोलींत राहून परीक्षा दिल्या, ज्यांना साठ वर्षांपूर्वीं विमानतळावर हार घालून निरोप दिला, तीं माणसेंही त्याच देशांत म्हातारीं होत असतात. आमच्या माहितींतील एक गृहस्थ मुलाकडे न्यू जर्सींत चार महिने होते. त्यांचे महाविद्यालयांतील परम स्नेही शिकागोस. विमानानें दोन-अडीच तासांची वाट. मुलास रजा नव्हती, एकट्यानें जाण्याचा धीर होईना, आणि "मुलास किती त्रास द्यावयाचा" या संकोचानें तो बेत पुढील खेपेवर टाकला गेला. पुढील खेप झाली; पण तोंवर स्नेही राहिले नव्हते. त्यांच्या पत्नीनें एक जुना पुठ्ठ्याचा डबा पुढें ठेवला. त्यांत या गृहस्थांचीं १९६८ पासूनचीं सर्व अंतर्देशीय आणि विमान-टपालाचीं पत्रें तारीखवार लावलेलीं होतीं. बाई म्हणाल्या, "तुम्ही मागच्या वर्षीं येणार म्हणून त्यांनीं हीं काढून ठेवलीं होतीं. दोघांनीं मिळून वाचावयाचीं होतीं."

म्हणून आमची विनंति आहे कीं, तिकीट काढतेवेळींच, मुलांस रजा आहे कीं नाहीं हें न पाहतां, स्नेह्यांकरितां चार दिवस निराळे काढून ठेवावे आणि तसें त्यांना पत्रानें कळवावें. मुलांनींही हा खर्च चैनीचा समजूं नये. आईबापांना नायगारा दाखविण्यापेक्षां त्यांचा एक मित्र दाखवावा. धबधबा पुढील वर्षींही वाहणार आहे. ज्यांना पत्ते ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं मार्ग आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे. उत्तर अमेरिकेंतील मंडळांचें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्यें स्थापन झालें, आणि १९८४ मध्यें शिकागोस भरलेल्या पहिल्या अधिवेशनापासून त्याचीं अधिवेशनें सामान्यतः दर दोन वर्षांनीं भरत आलीं आहेत. अशा मेळाव्यांत नाटक-गाण्यांपेक्षां मांडवाबाहेरील चहाच्या टेबलापाशीं अधिक मौल्यवान भेटी होत असतात.

कोणी म्हणतील, हल्लीं हातांतील यंत्रावर रोज तोंड दिसतें, मग एवढी दगदग कशास? तोंड दिसतें, हें खरें. पण दूरध्वनीवर माणूस आपणांस दाखवावयाचें तेवढेंच दाखवितो. मुलगी थकली आहे, मित्राचा हात कांपूं लागला आहे, जांवई रात्रीं उशिरापर्यंत जागा असतो, या गोष्टी त्या घरांत चार दिवस राहिल्याखेरीज कळत नाहींत. त्या कळाव्यात आणि त्यांवर कांहीं न बोलतां आपण जवळ असावें, यासाठींच तर जावयाचें असतें.

थंडीचे दिवस संपले कीं पुष्कळ घरांतून उन्हाळ्यांतील प्रवासाचे बेत सुरू होतील. ज्यांना जाणें शक्य आहे त्यांनीं यंदाच्या यादींत एका जुन्या स्नेह्याचें नांव घालावें, आणि मुलांना आजच तसें कळवावें.