व्ह्यू कुणासाठी?

आमच्या बीदरकडे सध्या एक नवीनच खूळ निघालंय. पेठेत चांगलं बांधलेलं घर असलं तरी पठाराच्या कडेला, उतारावर एक-दोन एकर घ्यायचे आणि तिथं 'व्ह्यू'वालं घर बांधायचं. 2020 साली कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली 79 अ आणि 79 ब ही कलमं काढून टाकली. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेणं सोपं झालं, आणि हैदराबादेत नोकरी करणाऱ्या पोरांना गावाकडचा सूर्यास्त आठवायला लागला.

माझ्या पुतण्याच्या घराचा नकाशा मी पाहिला. बैठक पश्चिमेला, अख्खी भिंत काचेची. उतार कापून सपाटी करायची आणि त्या कापलेल्या बाजूला टेकून मागं स्वयंपाकघर. खिडकी नाही. विचारलं तर म्हणाला, "चिमणी आहे की काकू!"

आता बायांनो, तुम्हीच हिशेब करा. आपल्यात सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची असतात. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी एवढा खर्च, नेमकी त्याच वेळी घरातली बाई भाकरी थापत उभी असणार, तोंड भिंतीकडे आणि पाठ सूर्याकडे. आवरून ती पुढं येईल तोवर बाहेर काळोख. शिवाय एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच म्हणजे भट्टी, हे कलबुर्गीकडच्या बायकांना मी काय सांगू? मग पडदे ओढायचे, एसी लावायचा. एवढं करून बघायचं काय, तर पडदा.

हे झालं आपलं दुखणं. उताराचं वेगळंच आहे. बीदरचं पठार वरून जांभ्याचं, खाली काळा कातळ. जांभा पावसाचं पाणी पिऊन घेतो. ते पाणी खालच्या घट्ट थराला लागलं की आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. नानक झिऱ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतो, नरसिंह झरणीत पाण्यातून चालत दर्शनाला जातो, ते सगळं या पठाराच्या पोटातलं देणं. नौबादची करेझ, म्हणजे बहमनी काळातला जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, तीही याच पाण्यावर. सुलतानांनीही किल्ला कडेलाच बांधला. पण त्यांना शत्रू येताना दिसायला हवा होता, आणि पाण्याची वाट त्यांना कळत होती. आपण मात्र ती वाटच जेसीबीने तोडायला निघालो. मग पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येणार आणि उन्हाळ्यात खालच्या शेतकऱ्याला विहिरीचा घोर. त्याचा नकाशात विचारच नाही.

धर्माचंही बोलते, राग येऊ देऊ नका. बाह्य परिग्रहाच्या यादीत पहिली दोन नावं क्षेत्र आणि वास्तू. सोनं नंतर येतं. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात विनाकारण जमीन खोदणं, वनस्पती तोडणं हे अनर्थदंडात घातलंय. आपण पाणी गाळून पितो, बटाटा खात नाही, पृथ्वीकायिक जीव पोरांना पाठशाळेत तोंडपाठ करायला लावतो. आणि आठ दिवस जेसीबी डोंगर खरवडतो तेव्हा त्याच्यासमोर नारळ फोडतो!

"आपली तीर्थक्षेत्रंही डोंगरावरच आहेत की," असं भाऊजी म्हणाले. आहेत ना. कुंथलगिरीला आपण चढून जातो, दर्शन घेतो, उतरून येतो. तिथं कुणी सोफा टाकून चहा मागवत नाही.

घर बांधूच नका असं माझं म्हणणं नाही. कडेपासून मागं, सपाट जागेवर बांधा आणि उतार मोकळा सोडा. अगदीच उतारावर हवं असेल तर जमीन कापू नका, जोतं पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्या. बैठक लहान झाली तरी चालेल, पण ओट्यासमोर खिडकी ठेवा, दूध तापवताना दरी दिसू दे. सूर्यास्त बघायचाच असेल तर कडेला एक दगडी कट्टा पुरे. अर्धा तास आधी जेवा, भांडी पुरुषांनी घासावीत, आणि आम्ही बायका कट्ट्यावर जाऊन बसू.

रविवारी आर्किटेक्ट येणार आहे. जाऊबाई अजून गप्प आहेत. पण परवा त्यांनी नकाशा मागून घेतला आणि स्वयंपाकघराच्या चौकोनावर पेन्सिलीने एक खिडकी काढून ठेवली आहे.