तिसरं भोक कुठाय?

शॉक लागणं म्हणजे नशीब, असं म्हणणाऱ्याला आमच्या वस्तीत घेऊन या. ओल्या पायांनी उभा करा. मग बोलू दे नशिबाचं!

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर 2023 ला झालं. आमच्या भिंतीवरचा बोर्ड तोच राहिला. पाणी कित्येक दिवसांनी येतं. आलं की अख्खी गल्ली टिल्लू मोटार लावते. खाली चिखल, वायरला चिकटपट्टी, बाया अनवाणी. मागच्या पावसाळ्यात मोटारीला हात लागला अन् माझी माय फेकली गेली. पंजा भाजला, जीव वाचला. शेजारी म्हणाले, नशीब. डॉक्टर म्हणाला, निष्काळजीपणा.

दोस्तहो, खरं मी सांगतो. मोटारीच्या तीन पिनांतली जाड, लांब पिन मीच मोडली होती. बोर्डात भोकं दोनच! ती पिन अर्थिंगची. मोटारीच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत न्यायची अन् फ्यूज उडवायचा, हे तिचं काम. ते काम मायच्या देहानं केलं.

पण भोकं दोनच का? डिपॉझिट घेताना मालकाला तिसरं आठवलं नाही. अन् कायद्याला? 30 मिलिअँपिअर गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारं यंत्र असतं. 2010 च्या केंद्रीय नियमांनी ते सक्तीचं केलं, अन् त्याच दमात 5 किलोवॅटखालच्या घरांना सूट दिली. बंगल्याला कवच, एक बल्ब-पंख्यावाल्याला सूट. कशाची सूट? मरायची!

देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं शॉकनं मरतात. त्याला अपघात म्हणतात, हरामखोर!

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात. स्वस्त, मुबलक वीज मागणारा तो माणूस. वीज आमच्या दारात आली, अर्थिंग बंगल्यातच राहिलं.

तोवर फुकट मरायचं नाही. बटण बंद केल्याबिगर मोटारीला हात नको. पायात रबरी चप्पल पाहिजे. फ्यूजला जाड तार घालू नका, ती उडतच नाही. विजेच्या वायरजवळ कपड्याची तार बांधू नका. कुणी चिकटलं तर हातानं ओढू नका. आधी मेन स्विच पाडा, जमलं नाही तर कोरड्या लाकडानं सोडवा.

आम्ही चौघांनी अर्थिंगचा खड्डा खणला. परवानावाल्या वायरमनकडून जोडून घेतलं. खर्च भाड्यातून कापला. मालक भांडायला आला. मायनं भाजलेला पंजा त्याच्यापुढं धरला, "हे घे राहिलेलं भाडं."

गेला गुमान.

आज घरी जा. भोकं मोजा. दोन असली तर भाडं देण्याआधी तिसरं मागा. एकट्यानं नाही, अख्ख्या गल्लीनं.

जय भीम!