फोर बाय फोर पिकअप : निर्णय चालकाचा की यंत्राचा?

खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, आणि चोर्ला घाट उतरून गोव्याच्या सत्तरी भागात पावसाळ्याची खरी अडचण मोठ्या रस्त्यावर नसते. ती शेतापासून किंवा घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरांत असते. त्याच तांबड्या चिखलातून खताची पोती आत आणायची, भाजीपाला बाहेर काढायचा आणि रात्री घरात कोणी आजारी पडले तर त्यालाही त्याच वाटेने न्यायचे. म्हणून कोणती पिकअप घ्यावी हा प्रश्न जितका शेतीचा तितकाच आरोग्याचाही आहे, असे आम्ही मानतो.

अलीकडे काही शेतकरी कुटुंबे चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे फोर बाय फोर पिकअप घेण्याचा विचार करतात. विक्रेता सांगतो, "ऑटोमॅटिक आहे, तुम्हाला काही करावे लागत नाही." येथे वाचकांनी सावध व्हावे. ऑटोमॅटिक गियर ही एक गोष्ट आणि ऑटोमॅटिक फोर बाय फोर ही अगदी वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स ह्या दोन्ही पिकअप ऑटोमॅटिक गियरसह मिळतात. पण त्यांच्या पुढच्या चाकांना ओढ द्यायची की नाही, हे चालकालाच बटण फिरवून ठरवावे लागते. गियर आपोआप बदलले म्हणून गाडी चिखल आपोआप ओळखत नाही.

प्रथम हाताने लावायची पद्धत पाहू. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. दांडा ओढला किंवा बटण फिरवले की ट्रान्सफर केस नावाची पेटी पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते. जुन्या महिंद्र जीपमध्ये गियरच्या दांड्याशेजारी जे दोन लहान दांडे असत, ते ह्याच कामाचे. एक पुढची चाके जोडणारा, दुसरा हळू पण जोराच्या ओढीचा. आज दांड्याच्या जागी बटण व विजेची छोटी मोटर आली, पण आतले तत्त्व तेच आहे.

ह्या पद्धतीत एक पथ्य आहे. बैलजोडी वळताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते. त्याला आतल्याच्या बरोबरीने पाऊल टाकायला लावले तर जू अवघडते. गाडी वळतानाही पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि सगळा ताण शाफ्ट व गियर सोसतात. स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात आणि शेवटी पेटी कामाला येते. म्हणून डांबर लागताच पुन्हा दोन चाकांवर यावे.

ऑटोमॅटिक पद्धतीत चाकांवरचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजत असतात. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि पुढच्या चाकांना ओढ मिळते. चालकाला काही करावे लागत नाही, कोरड्या रस्त्यावरही पथ्य नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही सोय आपल्या पिकअपमध्ये आणली आणि फोर्डच्या पिकअपमध्येही ती मिळते. तिकडे एकाच रस्त्यावर दहा पावले बर्फ आणि पुढे कोरडे डांबर अशी स्थिती असते. तेथे चालकाने सारखे बटण कुठवर फिरवायचे? त्या रस्त्यांसाठी ती सोय उत्तमच आहे.

परंतु आपला चिखल तसा नव्हे. तो एकदा लागला की शेवटपर्यंत चिखलच असतो, आणि कोठे लागणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. ऑटोमॅटिक यंत्र बहुधा चाक घसरल्यावर जागे होते, आणि तोवर चाकाने खड्डा केलेला असतो. खोल चिखलात सतत काम पडल्यास क्लचच्या चकत्या तापतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या अमेरिकन गाड्यांतही ऑटोमॅटिकच्या शेजारी घट्ट जोडणीचे आणि बहुतेकांत हळू ओढीचेही बटण ठेवलेले असते. जड कामासाठी बनवणाऱ्यांनीही चालकाचा निर्णय काढून घेतलेला नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या वाटांना हाताने लावायची पद्धतच योग्य. मात्र एका अटीवर : घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती लावता आली पाहिजे.

ही अट लहान नाही. ऑटोमॅटिकच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे की तेथे शिकावे लागत नाही. बटण फक्त थोरल्या मुलालाच कळत असेल आणि तो त्या रात्री बेळगावात मुक्कामी असेल, तर लाखो रुपयांची गाडी दारात उभी राहील व आजारी माणूस घरात. पण ह्यावर उपाय महाग यंत्र नव्हे, एका दुपारची शिकवणी आहे. मृगाच्या आधी एखाद्या मोकळ्या रानात मुलगे, मुली, सुना, जे कोणी गाडी चालवतात त्या सर्वांनी हे करून पाहावे :

चिखलात शिरण्यापूर्वीच फोर-एच लावावे, रुतल्यावर नव्हे. अतिशय रुतलेल्या जागी किंवा तीव्र उतारावर फोर-एल वापरावे. त्यासाठी गाडी पूर्ण थांबवून, गियर न्यूट्रल करून बटण फिरवावे आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. चाके जागीच फिरू लागली तर अॅक्सिलरेटर सोडावा, त्याने खड्डा फक्त खोल होतो. शिवाय महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडे अंतर फोर-एच लावून चालवावे, म्हणजे आतील भागांना तेल पोचते व ऐन पावसात जोडणी अडकत नाही.

चार चाकांकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. ती गाडी ओढतात, थांबवत नाहीत. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अशा गाडीलाही तेवढेच अंतर लागते. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरावे. दोन फूट वाहते पाणी पिकअपलाही वाहून नेऊ शकते. आणि चाके फिरतात म्हणून ओल्या शेतात गाडी घालू नये. दबलेली जमीन पुढे मुळांना आत शिरू देत नाही आणि पाणीही मुरू देत नाही.

रुग्णाला मागच्या हौद्यात झोपवून नेऊ नये. दोन ओळी आसनांची गाडी असल्यास मागच्या आसनावर, सोबत एक माणूस बसवून न्यावे. निघण्यापूर्वी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर बोलवावी आणि आपल्या गाडीने चिखलाचा तेवढा तुकडा पार करावा. सर्पदंश झालेल्याला चालवत नेऊ नये. दंशाची जागा न हलवता, न कापता, लवकरात लवकर सर्पविषावरील लस मिळेल अशा दवाखान्यात पोचवावे.

शेवटी खर्चाचे. वर सांगितलेल्या फोर बाय फोर गाड्या वीस लाखांच्या पुढे जातात. ज्यांची वाईट वाट शे-दोनशे मीटरचीच आहे, त्यांनी आधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्या तुकड्यावर दगडी सोलिंग करावे आणि आहे त्या गाडीला चांगले खाचेचे टायर घालावेत. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते म्हणून चाके घसरतात. हौद्यात वाळूची चार-पाच पोती नीट बांधून ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. ज्यांची वाट लांब व चढ-उताराची आहे, त्यांनी मात्र गाडी घेताना विक्रेत्याला एवढेच विचारावे, "पुढची चाके कोण जोडतो, मी की गाडी?" उत्तर "तुम्ही" असे आले तर घाबरू नये. घरी येऊन सर्वांना शिकवावे.