आधी गड चढा, मग किल्ला करा

दिवाळी सरली, तरी पौडपासून ताम्हिणीपर्यंत मुळशीच्या अंगणांत मुलांनी केलेले मातीचे किल्ले अजून उभे आहेत. उतारावर अळीव उगवले आहेत, बुरुजावर मावळा उभा आहे आणि तो महादरवाजाहून उंच आहे! खेळात ते शोभते. अद्भुतपटासाठी आपण केलेल्या प्रतिकृतीत मात्र हीच चूक पडदा क्षणात उघडी पाडतो.

आपल्या कामाचे मर्म प्रमाणात आहे. १:३६ प्रमाणातला बुरुज कोसळताना सेकंदाला नेहमीच्या २४ चौकटींनी (फ्रेम) टिपला, तर तो खेळण्यासारखा पटकन पडतो. प्रमाणाचे वर्गमूळ ६. म्हणून सेकंदाला १४४ चौकटी टिपाव्या लागतात, तेव्हा दगडाला भार येतो. पाणी मात्र हा हिशेब पाळत नाही. थेंब लहान होत नाही, म्हणून पाण्याच्या दृश्याची प्रतिकृती शक्य तितकी मोठीच हवी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी न्यूझीलंडच्या वेटा कार्यशाळेने मिनास तिरिथ नगरी १:७२ प्रमाणात केली, तरीही ती सुमारे ७ मीटर उंच भरली.

दगडासारखाच चिलखताचाही भार दिसायला हवा. लोखंडी कड्यांचे चिलखत खांदे ओढते. कमरपट्टा आवळला की थोडा भार कमरेवर उतरतो आणि माणसाची चाल बदलते. फोमचे चिलखत कितीही हुबेहूब रंगवा, नट त्यात हलकाच धावतो. घेराच्या शिवणीत साखळी भरा, खांद्यांवर वजन द्या. नटाला भार जाणवला, तरच प्रेक्षकाला जाणवेल.

हे कसब आपल्याला परके नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कारागीर स्वतःचा कॅमेरा घडवून चित्रपटात उतरला. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने ते दृश्य कापायला लावले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे आधारस्तंभ झाले.

असे असताना आपल्या अद्भुतनगरीला युरोपातले टोकदार मनोरे कशासाठी? मुळशी तालुक्यातच कोरीगड आणि घनगड आहेत. कोरीगडाचा तट आजही बहुतांश शाबूत आहे. काळ्या कातळातले लाव्हाचे आडवे थर, पावसाने धुतलेले चिरे, सांध्यांत रुजलेले गवत यांतूनच उंची किती आणि काळ किती लोटला, हे डोळ्याला कळते. छायाचित्रावरून रंग मिळेल; माप मिळणार नाही.

म्हणून मित्रहो, पुढचे काम हाती घेण्याआधी मोजपट्टी आणि वही घेऊन एकदा कोरीगड चढा. पायरी किती उंच, चिरा किती लांब, दरवाजात उभा माणूस कुठवर पोहोचतो, हे लिहून आणा. तुमच्या बुरुजावरच्या मावळ्याची उंची त्या वहीतून ठरू द्या.