नवशिक्यांना स्पर्धा नको

पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे. पण तिथे जातो तो बहुधा हात बसलेला विद्यार्थी. बाकीच्यांनी काय करावे? हरमलात गणपत पार्सेकर कॉलेज ऑफ एज्युकेशनचे आवार आहे. तिथे रविवारी कार्यशाळा व्हावी, असे आम्हांस वाटते. डिचोलीच्या कुंभाराने चाक फिरवावे, कोणी कावी शिकवावी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा रंग द्यायचा आणि तो खरवडून नक्षी काढायची. गिलावा सुकला की संपले, तिथे खोडरबर चालत नाही! बी.एड.च्या विद्यार्थ्यांनीही मुलांसोबत मातीत हात घालावेत. मडके वाकडे झाले तर होऊ दे. विश्वस्तांना विनंती, यंदा बक्षिसांचे पैसे माती-चुन्याला द्यावेत. पालकांनीही यावे, नुसते बघायला नव्हे.

— मुख्याध्यापक